होनोलुलूतला कॉन्डो दुरून घेताना: कागद चोख, कॅमेरा अपुरा

अमेरिकेच्या मुख्य भूमीवर बसून हवाईतल्या होनोलुलूत कॉन्डो, म्हणजे इमारतीतला मालकीचा फ्लॅट, घ्यायची जी व्यवस्था आज तयार आहे, म्हणजे एजंट, व्हिडिओ कॉलवरची पाहणी, तपासनीस, एस्क्रो (सौदा पूर्ण होईपर्यंत पैसे आणि कागद सांभाळणारी त्रयस्थ कंपनी) आणि ऑनलाइन नोटरी, तिच्यातला पैशांचा आणि सह्यांचा भाग आम्ही निःशंकपणे चांगला म्हणू. घर दाखवण्याचा भाग मात्र कच्चा आहे. आणि सगळा व्यवहार ज्यावर तरतो किंवा बुडतो, तो म्हणजे इमारतीच्या कागदपत्रांचा गठ्ठा. तो समुद्रापलीकडे बसूनही तितकाच नीट वाचता येतो. किंबहुना समोर डायमंड हेडचा डोंगर दिसत नसताना जास्त नीट वाचता येतो.

जाहिरातीत किमतीच्याही आधी पाहायचं ते मालकी ‘फी सिंपल’, म्हणजे जमिनीच्या हक्कासह पूर्ण, आहे की ‘लीजहोल्ड’. एकाच गल्लीत, एकाच आकाराचे दोन फ्लॅट आणि त्यातला एक फारच स्वस्त दिसला, तर तो बहुधा लीजहोल्ड असतो. जमीन दुसऱ्याची, बऱ्याचदा एखाद्या मोठ्या ट्रस्टची. आपण मेंटेनन्सच्या वर दरमहा जमिनीचं भाडं भरायचं. पट्ट्यात, म्हणजे जमिनीच्या भाडेकरारात, दोन तारखा शोधाव्यात. एका तारखेला भाडं नव्याने ठरतं, दुसरीला पट्टा संपतो आणि फ्लॅट जमीनमालकाकडे जातो. होनोलुलू शहराने १९९१ मध्ये कॉन्डोधारकांना जमीन सक्तीने विकत मिळवून देणारा कायदा केला होता, पण २००५ मध्ये तो रद्द झाला. त्यामुळे ‘जमीन पुढेमागे मिळेलच’ हे आश्वासन जमीनमालकाच्या लेखी प्रस्तावाशिवाय हिशेबात धरू नये. पट्ट्याची थोडीच वर्षं उरली असतील तर बँका कर्ज द्यायला तयार होत नाहीत, म्हणजे पुढे विकतानाही रोख पैसे देणारंच गिऱ्हाईक शोधावं लागतं.

आता गठ्ठा. त्यात असोसिएशनचं, म्हणजे इमारतीतल्या फ्लॅटमालकांच्या संघटनेचं, घोषणापत्र, उपविधी, घरनियम, ताळेबंद, राखीव निधीचा अहवाल, विम्याचा गोषवारा, मागच्या काही सभांची इतिवृत्तं आणि व्यवस्थापन कंपनीने भरलेला आरआर १०५सी नावाचा माहिती फॉर्म असतो. वाचायला सुरुवात इतिवृत्तांपासून करावी. मिळतील तेवढीच नव्हे, निदान दोन वर्षांची मागावीत. त्यात एकाच रांगेतल्या फ्लॅटांची गळती वेगवेगळ्या महिन्यांत आली असेल, उदाहरणार्थ फेब्रुवारीत ९०४, जूनमध्ये १२०४, ऑक्टोबरमध्ये पुन्हा ७०४, तर ‘०४’च्या उभ्या पाइपात दोष आहे असं समजावं. १९६० आणि ७०च्या दशकांतल्या इमारतींत सांडपाण्याचे पाइप बहुधा बिडाचे असतात. ते आतून गंजतात, भिंतीच्या आतच उभे तडकतात, आणि बाहेर फक्त डाग दिसतो. सगळे पाइप बदलायचे म्हणजे प्रत्येक स्वयंपाकघराची आणि बाथरूमची भिंत फोडणं आलं. मालकाच्या वाट्याला काही हजारांपासून काही दहा हजार डॉलरपर्यंत खर्च येऊ शकतो. हे काम मंजूर झालंय का, पैसा कर्जातून येणार की मालकांकडून वर्गणी काढून, आणि सौदा पूर्ण होण्याआधी जाहीर झालेली वर्गणी कोण भरणार, हे करारात लिहून घ्यावं.

राखीव निधीचा कायदा इथे ढिला आहे. असोसिएशनने गरजेच्या निदान ५० टक्के रक्कम जमा ठेवली, किंवा रोख प्रवाहाच्या आराखड्याने १०० टक्के भागेल असं दाखवलं, की कायद्याचं समाधान होतं. ‘निधी कायद्यानुसार आहे’ या वाक्यामागे अर्धा खड्डा असू शकतो. मेंटेनन्स कमी आहे म्हणून इमारत निवडणं ही इथली सर्वांत महागडी चूक आहे. पाणी, सांडपाणी, विमा, लिफ्ट सगळं धरून महिना हजार डॉलर ओलांडणं होनोलुलूत नवलाचं नाही, आणि जुन्या इमारतीत ४०० डॉलर दिसले तर आधी निधीचं पान उघडावं.

विम्याचं पान तर भिंगातून वाचावं. २०२३नंतर वादळाच्या विम्याचे हप्ते इतके वाढले की अनेक असोसिएशननी पूर्ण पुनर्बांधणीच्या रकमेऐवजी थोडक्याच रकमेचं संरक्षण घेतलं. इथे घोडं पेंड खातं. बँकांकडून गृहकर्जं विकत घेणाऱ्या फॅनी मे आणि फ्रेडी मॅक या संस्थांच्या नियमांत न बसणाऱ्या इमारतीला नेहमीच्या बँका कर्ज देत नाहीत, तुमची पत कितीही चांगली असो. म्हणून ऑफर देण्याआधीच बँकेला इमारतीचं नाव द्यावं आणि ‘ही इमारत तुमच्याकडे चालते का’ एवढाच प्रश्न विचारावा. अग्निसुरक्षेचंही तसंच. १४ जुलै २०१७ रोजी मार्को पोलो या ३६ मजली इमारतीत आग लागली. तिथे स्प्रिंकलर नव्हते. त्यानंतर शहराने जुन्या, दहा किंवा अधिक मजल्यांच्या निवासी इमारतींवर स्प्रिंकलर बसवण्याची किंवा सुरक्षा मूल्यांकनात पास होण्याची अट घातली. मूल्यांकनाचा निकाल मागून घ्यावा. नापास इमारतीचं दुरुस्तीचं बिल तुमच्याच दाराशी येणार.

विक्रेत्याचं माहितीपत्रक ऑफर स्वीकारल्यापासून दहा दिवसांत मिळायला हवं, आणि ते मिळाल्यावर, दोघांनी वेगळं ठरवलं नसेल तर, १५ दिवसांत सौदा मोडून डिपॉझिट परत मागता येतं. मे २०२२पासून समुद्रपातळीवाढीच्या क्षेत्रात मालमत्ता येते का हेही त्यात सांगावं लागतं. हे १५ दिवस पहिल्याच दिवशी कॅलेंडरवर टाकावेत.

व्हिडिओ पाहणीबद्दल आमचं मत सरळ आहे. एजंट आपणहून दाखवतो ते समुद्र आणि काउंटरटॉप. बाकी सगळं मागून घ्यावं लागतं. सिंकखालचं कपाट उघडायला सांगा, टॉर्च लावा, पाइपाच्या सांध्यावर कोरडा पांढरा थर किंवा तांबूस ओघळ आहे का पाहा. मग बाल्कनीत जाऊन कठड्याचा खांब काँक्रीटमध्ये शिरतो तिथे कॅमेरा न्या. खाऱ्या वाऱ्याने आतली सळई गंजून फुगते आणि काँक्रीट पापुद्र्यासारखं सुटतं. त्या जागी केसाएवढी चीर आणि तिच्यातून उतरलेली गंजाची रेघ दिसते. काचेच्या पट्ट्यांच्या झडपा उघडून-मिटून बघा, कारण पूर्ण बंद न होणाऱ्या झडपेतून रस्त्याचा आवाज चोवीस तास घरात येतो. दुसरा कॉल संध्याकाळी साडेचारला ठेवा. ईशान्येचे व्यापारी वारे न लागणारा आणि पश्चिमेला तोंड असलेला फ्लॅट तेव्हा तापतो, आणि खिडकीतला एसी लावायची परवानगी घरनियमांत नसली तर तो तसाच तापलेला राहतो. स्थानिक लोक दिशा ‘मौका’, ‘माकाई’, ‘एवा’ आणि ‘डायमंड हेड’ अशा सांगतात, म्हणजे डोंगराकडे, समुद्राकडे, पश्चिमेला आणि पूर्वेला. जाहिरातीतही हेच शब्द येतात. शेवटी पार्किंगच्या जागेवर उभं राहून नंबर दाखवायला सांगा. दोन गाड्या एकामागे एक लावायची जागा असेल तर पुढची गाडी कोणाची हे आत्ताच कळलेलं बरं.

वास, शेजाऱ्याचा आवाज आणि ओल कॅमेऱ्यात येत नाहीत. त्यासाठी तपासनीस लावावाच. पण तो फ्लॅटपुरता पाहतो. छत, उभे पाइप, गच्ची हे त्याच्या कामात येत नाही. ते पुन्हा इतिवृत्तांतूनच कळतं.

एस्क्रो आणि नोंदणी हा भाग सुरेख चालतो. संपूर्ण राज्याच्या दस्तांची नोंद होनोलुलूतल्या एकाच ब्युरो ऑफ कन्व्हेयन्सेसमध्ये होते. सह्या झालेले मूळ कागद नोंदणीच्या काही कामाचे दिवस आधी एस्क्रोकडे लागतात, तेव्हा कुरिअरचे दिवस मोजूनच सहीची तारीख घ्या. ऑनलाइन नोटरी चालेल का हे बँकेला लेखी विचारा. काही बँका अजून समोरासमोरची सहीच मागतात. हवाईत घड्याळं पुढेमागे करत नाहीत, त्यामुळे न्यूयॉर्कशी अंतर हिवाळ्यात पाच आणि उन्हाळ्यात सहा तास असतं. पैसे पाठवण्याचा खाते क्रमांक ईमेलवर आला की स्वतः शोधलेल्या फोन नंबरवर एस्क्रोला विचारूनच पैसे सोडा, आणि ‘खातं बदललंय’ असा ईमेल आला तर तो खोटाच समजा.

भाड्याने देण्याच्या गणितात फसगत सर्वाधिक होते. होनोलुलू ज्या बेटावर आहे त्या ओआहूवर रिसॉर्ट विभागाबाहेर, जुना परवाना नसेल तर, ३० दिवसांपेक्षा कमी मुदतीने घर देता येत नाही, आणि इमारतीचे नियम याहून कडक असू शकतात. मालमत्ता कराचा वर्गही पाहा: अलीकडच्या वर्षांत निवासी दर हजारी ३.५० डॉलर, तर हॉटेल-रिसॉर्ट वर्गाचा १३.९० होता. पाच लाखांच्या घरावर १,७५० आणि ६,९५० डॉलर, एवढा फरक. लांब मुदतीच्या भाड्यावरही ओआहूत ४.५ टक्के ‘जनरल एक्साइज टॅक्स’, म्हणजे एकूण मिळकतीवरचा कर, पडतो. मालक बेटाबाहेर राहत असेल तर त्याच बेटावरचा प्रतिनिधी भाडेकरारात नमूद करणं कायद्याने बंधनकारक आहे. विकताना राज्याबाहेरच्या मालकाच्या विक्रीकिमतीतून ७.२५ टक्के रक्कम आधी कापली जाते. कर भरून झाल्यावर उरलेली परत मिळते, पण तोवर ती हाताशी नसते.

ताबा मिळाला की आपला स्वतंत्र विमा घ्या, आणि इमारतीच्या विम्यातली मालकाने सोसायची रक्कम व अचानक काढलेली वर्गणी त्यात धरलेली असू द्या. पाण्याचा मुख्य कॉक कुठे आहे हे इमारतीच्या मॅनेजरकडून समजून घ्या. अनेक जुन्या इमारतींत फ्लॅटचा वेगळा कॉक नसतो, साधा नळ बदलायचा तरी अख्ख्या रांगेचं पाणी बंद करायला आधी नोटीस लागते. घर रिकामं राहणार असेल तर किल्ली ज्याच्याकडे असेल त्याने महिन्यातून एकदा प्रत्येक मोरीत तांब्याभर पाणी ओतायला हवं. मोरीखालच्या वळणदार पाइपातलं पाणी आटलं की तिथून गटाराचा वास आणि झुरळं दोन्ही वर येतात.