‘ओरिजिनल सीडी द्या, विंडोज टाकून देतो’ : एका अदलाबदलीचा अनुभव

संगणक दुरुस्तीच्या नावाखाली होणारी एक फसवणूक अशी आहे, की ती पूर्ण झाल्यावरही संगणक व्यवस्थित चालत राहतो आणि त्यामुळे बहुतेकांना ती कधी कळतच नाही. माझ्या बाबतीत ती उघडकीस आली, कारण विंडोज ७ प्रोफेशनलची रिटेल प्रत, म्हणजे दुकानात सुटी मिळणारी प्रत, विकत घेतल्यावर मी दोन गोष्टी करून ठेवल्या होत्या : खोक्यातील दोन्ही डीव्हीडींच्या, म्हणजे ३२ बिट आणि ६४ बिट अशा दोन्ही आवृत्त्यांच्या, आयएसओ प्रतिमा (सबंध डिस्कची हुबेहूब प्रत असलेली एकच फाइल) बाहेरच्या हार्डडिस्कवर उतरवल्या होत्या आणि आतील लेबलावरच्या २५ अक्षरी प्रॉडक्ट कीचे, म्हणजे परवान्याच्या संकेतांकाचे, छायाचित्र बिलाच्या छायाचित्रासोबत ठेवले होते.

संगणकाची हार्डडिस्क बंद पडली, तेव्हा घरी आलेल्या तंत्रज्ञाने नवी डिस्क बसवण्यासाठी संगणक नेताना सहज मागितले, ‘ओरिजिनल सीडी असेल तर द्या, विंडोज टाकून देतो.’ मागणी अवाजवी वाटण्यासारखी नव्हती. संगणक परत आला तो चालू स्थितीत, सक्रिय झालेल्या, म्हणजे परवाना मान्य झाल्याचे दाखवणाऱ्या, विंडोजसह आणि खोक्यासह. खोक्यात मात्र दोनऐवजी एकच डिस्क होती आणि तीही मूळची नव्हती. खऱ्या डिस्कवर होलोग्राम चकतीच्या आतच, सबंध पृष्ठभागभर असतो; तो वरून चिकटवलेला नसतो. परत आलेल्या डिस्कवर छापील गुळगुळीत कागद डकवलेला होता, त्याची कड नखाने उचलली जात होती आणि चकतीची मागची बाजू घरी रेकॉर्ड केलेल्या डीव्हीडीसारखी जांभळट दिसत होती. विचारल्यावर उत्तर मिळाले, की मूळ डिस्कवर चरे पडलेले होते, म्हणून ‘तीच’ दुसऱ्या डिस्कवर काढून दिली.

ती ‘तीच’ नव्हती, हे सिद्ध करता आले ते आयएसओ प्रतिमेमुळे. माझी प्रतिमा आणि दिलेली डिस्क या दोन्हींचे हॅश मूल्य (फाइलच्या मजकुरावरून गणिताने काढलेला, तिच्या ठशासारखा आकडा) जुळत नव्हते. तेवढ्यावरून फार काही ठरले नसते, कारण डिस्कवरून प्रत घेताना एखादा भाग वाचला गेला नाही तरी हॅश बदलतो. म्हणून दोन्हींतील फायलींच्या याद्या शेजारी ठेवून पाहिल्या. दिलेल्या डिस्कमध्ये मूळ डिस्कवर नसलेला एक फोल्डर होता आणि त्यात सेटअपकम्प्लीट नावाची बॅच फाइल, म्हणजे ओळीने पाळायच्या आज्ञांची फाइल, होती. प्रस्थापना संपताच विंडोज ती फाइल आपोआप चालवते. संगणक बनवणाऱ्या कंपन्यांसाठी ठेवलेली ही सोय आहे आणि तिचाच वापर करून बनावट सक्रियकरणाचा प्रोग्राम गुपचूप बसवला गेला होता.

पुढचा पुरावा संगणकातच होता. कमांड प्रॉम्प्टमध्ये एसएलएमजीआर या आज्ञेला तिरकी रेघ देऊन डीएलआय जोडले (slmgr /dli), की एक छोटी चौकट उघडते. तीत परवान्याचा प्रकार आणि कीची शेवटची पाच अक्षरे दिसतात. माझी प्रत रिटेल असताना तेथे व्हॉल्यूम केएमएस क्लायंट असे लिहिलेले होते आणि ती पाच अक्षरे माझ्या छायाचित्रातील नव्हती. केएमएस ही व्यवस्था मोठ्या संस्थांसाठी असते : संगणक संस्थेच्या स्वतःच्या सर्व्हरशी संपर्क साधून सक्रिय होतो आणि ते सक्रियकरण १८० दिवसच टिकते, त्या मुदतीत त्याला पुन्हा संपर्क साधावा लागतो. घरातल्या एकट्या संगणकावर अशी नोंद दिसणे हेच मुळात संशयास्पद. बनावट प्रोग्राम संगणकातच खोटा सर्व्हर उभा करून मुदत वाढवत राहतो. अँटिव्हायरसने तो काढून टाकला, की मुदत सरते, पार्श्वभूमी काळी पडते आणि ही प्रत अस्सल नाही अशी सूचना येऊ लागते. तोवर दुरुस्तीला इतके दिवस उलटलेले असतात, की दोष कोणाचा हे सांगणे अवघड होते. ही दिरंगाई फसवणाऱ्याच्या पथ्यावर पडते.

मग माझी खरी की गेली कोठे? रिटेल परवाना एका संगणकावरून काढून दुसऱ्यावर नेता येतो. संगणकासोबत येणारा ओईएम परवाना त्याच मदरबोर्डशी बांधलेला राहतो. त्यामुळे चोराला रिटेल कीच हवी असते, ती दुसऱ्या ग्राहकाला नवी म्हणून विकता येते. मूळ डिस्क आणि होलोग्राम सोबत असेल तर त्या ग्राहकालाही शंका येत नाही. मी माझी की टाकून सक्रियकरणाचा प्रयत्न केला, तेव्हा ती अन्य संगणकावर वापरात असल्याचा संदेश आला. दूरध्वनीवरील सक्रियकरण सेवेला सर्व हकिगत सांगितल्यावर परवाना पुन्हा माझ्या संगणकावर चालू झाला. बिल आणि छायाचित्र हाताशी होते, म्हणून प्रत्येक प्रश्नाचे उत्तर ठामपणे देता आले. तंत्रज्ञाने शेवटपर्यंत काही कबूल केले नाही आणि मूळ डिस्काही परत आल्या नाहीत.

डिस्क गेल्याचे मला फारसे वाईट वाटले नाही, हे येथे मुद्दाम सांगतो, कारण लोक नेमके उलटे वागतात : चकती कपाटात कुलूपबंद ठेवतात आणि कीचा कागद खोक्यात तसाच सोडतात. विंडोज १० आणि ११ च्या प्रस्थापनेच्या प्रतिमा मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून कोणालाही विनामूल्य उतरवता येतात आणि किमान ८ जीबीच्या पेनड्राइव्हवरून बसवता येतात. जुन्या आवृत्त्यांची गोष्ट वेगळी. विंडोज ७ चा विस्तारित आधार १४ जानेवारी २०२० रोजी संपला असून तिची अस्सल प्रतिमा आता सहज मिळत नाही. ज्यांना एखाद्या जुन्या यंत्रासाठी ती लागते, त्यांनी आपल्या डिस्कची प्रतिमा आजच काढून ठेवावी, तिचे एसएचए-२५६ या पद्धतीने काढलेले हॅश मूल्य वेगळ्या फाइलमध्ये लिहावे आणि प्रत निदान दोन निरनिराळ्या माध्यमांवर ठेवावी. घरी रेकॉर्ड केलेली डीव्हीडी हे त्यांतले एकमेव माध्यम नसावे. तिच्यातील माहिती सेंद्रिय रंगाच्या थरात असते आणि तो थर ऊन व उष्णता यांनी खराब होतो. विंडोज पुन्हा बसवण्यासाठी संगणकातच दिलेल्या रिकव्हरी विभाजनावरही विसंबू नये, कारण हार्डडिस्क गेली की तेही तिच्यासोबत जाते.

कीची नोंद मात्र प्रतिमेच्या शेजारी ठेवू नये, नाहीतर एकच हार्डडिस्क उचलणाऱ्याला दोन्ही मिळतात. ती कागदावर, बिलासोबत ठेवावी. संगणकावर ठेवायचीच असेल तर पासवर्ड मॅनेजरमध्ये. लॅपटॉपच्या खालच्या बाजूला चिकटवलेले जुने प्रमाणपत्र-लेबल घासून आणि तापून पुसट होते, तेव्हा ते वाचता येत असतानाच उतरवून घ्यावे. ‘की खरी आहे का ते तपासा’ म्हणणाऱ्या संकेतस्थळांवर पूर्ण की कधीही टाकू नये. पडताळणीसाठी शेवटची पाच अक्षरे पुरतात आणि ती विंडोज स्वतःच दाखवते.

विंडोज ८ पासून बहुतेक तयार संगणकांत ओईएम की मदरबोर्डवरील फर्मवेअरमध्येच (चिपमधील कायमच्या प्रोग्राममध्ये) साठवलेली असते आणि तीच आवृत्ती पुन्हा बसवताना ती आपोआप वाचली जाते. अशा संगणकासाठी कोणी ‘की नवीन घ्यावी लागेल’ म्हणून वेगळे पैसे मागू लागला, तर मदरबोर्ड बदललेला नसताना ते कशासाठी, हे विचारावे. विंडोज १० आणि ११ मध्ये डिजिटल परवाना मायक्रोसॉफ्ट खात्याशी जोडता येतो. रिटेल परवानाधारकांनी दुरुस्तीला देण्याआधीच ते करून घ्यावे, म्हणजे मदरबोर्ड बदलल्यावरही परवाना परत मिळवण्याचा मार्ग खुला राहतो. डिस्क बिटलॉकर या विंडोजमधील सोयीने कूटबद्ध असेल तर ४८ अंकी रिकव्हरी कीही तेवढ्याच काळजीने जपावी, कारण ती हरवली तर परवाना शाबूत असूनही माहिती उघडत नाही.

संगणक देताना पावतीवर विंडोजची आवृत्ती, परवान्याचा प्रकार आणि कीची शेवटची पाच अक्षरे लिहून घ्यावीत आणि परत घेताना तंत्रज्ञासमोरच एसएलएमजीआरची ती आज्ञा चालवून जुळवून पाहावे. बदललेली हार्डडिस्क आठवणीने मागून घ्यावी. बंद पडली म्हणून सोडून दिलेली डिस्क पुष्कळदा अंशतः वाचता येते आणि विंडोज ७ च्या काळातील की तिच्या रजिस्ट्रीमध्ये, म्हणजे विंडोजच्या नोंदींच्या साठ्यात, साध्या प्रोग्रामने उलगडता येईल अशा रूपात पडून असते. त्यामुळे खोके न देताही की जाऊ शकते.