जुना अल्बर्ट दुरुस्त करावा की नवा बोएम घ्यावा?

कोल्हापुरात विकायला निघालेला जुना क्लॅरिनेट बहुधा एखाद्या बँडवाल्याच्या घरातला असतो. वाजवणारे थकले, मुलांनी दुसरा धंदा धरला, आणि काळ्या लाकडाचे ते वाद्य पेटीसह माळ्यावर गेले. असे वाद्य स्वस्तात समोर आले की ते दुरुस्त करून वाजवावे, की तेवढ्या खर्चात थोडी भर घालून प्लास्टिकचा नवा क्लॅरिनेट घ्यावा, हा प्रश्न पडतो. अल्बर्ट आणि बोएम ही क्लॅरिनेटच्या चाव्यांच्या दोन रचनांची नावे, जुने वाद्य बहुधा पहिल्या रचनेचे निघते आणि नवे दुसऱ्या. मला हा निर्णय घ्यावा लागला होता. येथे मी लिहितो ते रागसंगीत, भजन आणि नाट्यपदे वाजवू इच्छिणाऱ्यांसाठी अधिक आहे. ज्यांना नोटेशन वाचून बँडमध्ये किंवा वाद्यवृंदात वाजवायचे आहे, त्यांचे उत्तर वेगळे असू शकते.

लाकूड, पॅड (चाव्यांखालच्या, छिद्रे झाकणाऱ्या गाद्या), चाव्या हे सारे पाहण्याआधी वाद्याची पट्टी पाहावी, कारण बाकीचे बहुतेक दोष दुरुस्त होतात, पट्टी होत नाही. ब्रिटिश लष्करी बँड १९२० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत चढ्या पट्टीत वाजत. त्यांचा मध्य सप्तकातला ‘ए’ सुमारे ४५२ कंपनांचा होता, तर आज हार्मोनियम आणि कीबोर्ड ४४० ला लावलेले असतात. हा फरक अर्ध्या स्वराच्या जवळपास निम्मा होतो. त्या काळातले किंवा त्या मापावर बनवलेले वाद्य हाती आले, तर त्याचा स्वर काळी पाच आणि पांढरी सात यांच्या मधल्या फटीत पडतो आणि पेटीबरोबर, म्हणजे हार्मोनियमबरोबर, कधीच मिळत नाही. बॅरल, म्हणजे माउथपीसखालचा आखूड तुकडा, थोडे बाहेर ओढले की काम भागेल असे विक्रेते सांगतात, परंतु नळी सर्व स्वरांसाठी सारखीच लांबत असल्यामुळे आखूड नळीचे, म्हणजे गळ्याकडचे स्वर फार उतरतात आणि खालचे स्वर त्या मानाने कमी उतरतात, त्यामुळे एक स्वर जुळवला की दुसरा बिघडतो. म्हणून खरेदीला जाताना हार्मोनियम असलेल्या घरीच वाद्य मागवावे आणि ते फुंकून कोमट झाल्यावर, डाव्या हाताचा अंगठा आणि तीन बोटे लावून निघणारा स्वर काळी पाचशी, म्हणजे नेहमीच्या ‘बी फ्लॅट’ क्लॅरिनेटच्या स्वराशी, ताडून पाहावा. तो पांढरी सहाशी किंवा पांढरी एकशी नेमका जुळला, तर वाद्य अनुक्रमे ‘ए’ किंवा ‘सी’ जातीचे आहे आणि त्यात काही गैर नाही. कोठेच जुळला नाही, तर ते कितीही देखणे असले तरी त्याच्या दुरुस्तीवर पैसा घालू नये, असे मला वाटते. काही वाद्यांवर ‘एल पी’ किंवा ‘एच पी’ असा ठसा असतो. त्यातला पहिला उतरत्या, म्हणजे आपल्या उपयोगाच्या पट्टीचा.

पट्टी जुळली तर पुढचे प्रश्न तितके अवघड नाहीत. कुजलेले पॅड आणि वाळलेले कॉर्क बदलावेच लागतात, त्यामुळे त्यांच्या अवस्थेवरून वाद्याची किंमत ठरवू नये. चाव्यांखालच्या सुईसारख्या पोलादी स्प्रिंगा आपल्याकडच्या पावसात गंजतात, त्याही बदलता येतात. वरच्या तुकड्याला गेलेली चीर मात्र नीट पाहावी. ती नुसती पृष्ठभागावर असेल तर लाकडाची बारीक पूड आणि सायनोअ‍ॅक्रिलेट गोंद यांनी भरून निघते, पण स्वरछिद्रातून आरपार गेली असेल तर तेथून हवा गळत राहते आणि ते काम जाणत्या कारागिराचेच असते. चाव्या हलक्या ओतीव मिश्रधातूच्या असतील आणि एखादी तुटली असेल, तर तिला डाग, म्हणजे धातू वितळवून केलेला सांधा, बसत नाही. त्या जर्मन सिल्व्हरच्या असतील तर कोल्हापुरासारखे गाव नाही. गुजरीतला सोनार चांदीचा डाग नाजूकपणे देऊ शकतो आणि हरवलेला स्क्रू किंवा पिन उद्यमनगरातल्या लेथवर बनवून मिळते. शेवटची मिलावट, म्हणजे प्रत्येक पॅड छिद्रावर एकाच वेळी, एकाच दाबाने बसवणे, यासाठी मात्र सुषिर, म्हणजे फुंकून वाजवायच्या, वाद्यांचा कारागीरच हवा. मिरजेची कीर्ती तंतुवाद्यांची आहे. तेथे तंबोरा उत्तम होईल, क्लॅरिनेटसाठी पुण्या-मुंबईची वाट धरावी लागते.

नव्या प्लास्टिकच्या वाद्याचे गुण मी कमी लेखत नाही. ते पट्टीला अचूक असते, जूनपासून सप्टेंबरपर्यंतच्या दमट हवेत त्याचे सांधे फुगून अडकत नाहीत, एप्रिलच्या कोरड्या उन्हात ते चिरत नाही, आणि सुटे भाग मिळतात. जवळजवळ सारी नवी वाद्ये बोएम पद्धतीची असतात. वादक क्लोझे आणि वाद्ये बनवणारे बुफे यांनी १८३९ मध्ये लोकांपुढे आणलेली ही सतरा चाव्या आणि सहा रिंगांची रचना पाश्चात्त्य संगीतातले अवघड बोटकाम पुष्कळच सोपे करते. जुन्या बँडच्या पेट्यांत निघतो तो बहुधा अल्बर्ट, म्हणजे इवान म्युलरच्या तेरा चाव्यांच्या वाद्यावरून ब्रुसेल्सच्या युजीन अल्बर्ट यांनी सुधारलेला. कागदावर पाहिले तर बोएम पुढचे आहे, आणि मीही आरंभी त्याच बाजूला झुकलो होतो.

माझा निर्णय फिरला तो एका रिंगेपाशी. बोएममध्ये डाव्या हाताच्या मधल्या बोटाच्या छिद्राभोवती जी रिंग असते, ती एका वेगळ्या पॅडला जोडलेली असते. बोट उचलले की रिंग वर येते आणि ते पॅड उघडते. तळच्या रजिस्टरमध्ये, म्हणजे खालच्या स्वरांच्या टप्प्यात, अंगठा आणि तीन बोटांवर षड्ज धरला, तर रिषभ आणि गंधार यांच्यामधले सारे काम याच बोटाचे असते. भूप रागात गंधारावरून रिषभावर मींडेने, म्हणजे स्वर न तोडता, उतरायचे असते, तेव्हा बोट छिद्रावर हळूहळू सरकवत आणावे लागते. ते अर्ध्यावर असतानाच रिंग दबते, पॅड बंद होते आणि सलग उतरणारा स्वर मध्येच पायरी उतरावी तसा खाली येतो. परत वर जातानाही तेच होते. बोट अधिक तिरके धरून, ओठ सैल करून मी हे झाकण्याचा पुष्कळ प्रयत्न केला, आणि मुरलेले वादक ते झाकतातही. पण ज्या शहरात अल्लादियाखाँसाहेबांची गायकी रुजली, तेथे ऐकणाऱ्याचा कान सलग स्वराला सरावलेला असतो, आणि ती बारीक ठेच मला प्रत्येक आलापात बोचत राहिली.

दोन रिंगांच्या अल्बर्टमध्ये रिंगा फक्त खालच्या तुकड्यावर, उजव्या हाताला असतात. डाव्या हाताखाली नुसते लाकडातले छिद्र असते. बोट सरकवावे तसा स्वर सरकतो. तुर्कस्तानात आजही याच पद्धतीच्या ‘जी’ क्लॅरिनेटवर लांब मींड वाजवली जाते, आणि न्यू ऑर्लिन्सच्या जॉनी डॉड्ससारख्या जॅझ वादकांनीही अल्बर्टच वापरला. उजव्या हाताकडे अडचण थोडी उरतेच, हे मान्य करायला हवे. शिवाय पुढच्या काळातले काही अल्बर्ट चार रिंगांचे आहेत आणि त्यांच्या वरच्या तुकड्यावरही रिंगा असतात. मींडेसाठी वाद्य घेत असाल तर दोन रिंगांचेच शोधावे, चार रिंगांच्या वाद्यात अल्बर्ट घेण्यातला निम्मा लाभ जातो.

जुन्या वाद्याची वाकडी बाजूही आहे. अल्बर्टचे बोटकाम शिकवणारी पुस्तके आणि शिक्षक आता फारसे मिळत नाहीत. उजव्या हाताकडे काही स्वरांसाठी बोटे आडवी लावावी लागतात, आणि जलद तानांत बोएम अधिक मोकळा वाटतो. दर पावसाळ्यात सांध्यांकडे पाहावे लागते, वाजवून झाल्यावर आतून पुसावे लागते. लहान मुलाला शाळेच्या बँडसाठी वाद्य हवे असेल, किंवा तुम्हांला वर्षातून दोनदा पुण्याला जाण्याची सवड नसेल, तर नवे घ्यावे, त्यात कमीपणा नाही. मात्र पेटीशी जुळणारा, आरपार चीर नसलेला, दोन रिंगांचा अल्बर्ट कोणी देत असेल, आणि त्याची किंमत व दुरुस्ती मिळून नव्या वाद्याच्या निम्म्याच्या आत बसत असेल, तर मी तो सोडणार नाही.

दुरुस्तीला देताना त्याचा जुना माउथपीस, हिरवट-तपकिरी झालेला असला तरी, काठ फुटलेला नसेल तर सोबत द्यावा आणि मिलावट त्याच्यावरच करून घ्यावी. जुन्या नळीचे माप आजच्या नळीपेक्षा वेगळे असू शकते, आणि नवा माउथपीस लावल्यावर माझ्या वाद्याचे वरचे स्वर पसरले होते. चामडी पॅड आणि कृत्रिम पॅड यांत कारागीर विचारील तर आपल्या हवेसाठी कृत्रिम पॅड सांगावेत, आणि सर्वांत आधी वरचा तुकडा तपासून घ्यावा. छिद्रे बोटांनी बंद करून, खालचे टोक तळव्याने दाबून हवा ओढली असता ती काही क्षण धरून राहिली पाहिजे. ती धरत नसेल तर वाद्य ताब्यात घेऊ नये आणि पैसेही पूर्ण देऊ नयेत.