स्थानिक किमतीचा लाकडी संच: हजारापर्यंत उत्तम, पुढे अपुरा

स्थानिक किंमत, म्हणजे संख्येतील अंकाची जागेनुसार ठरणारी किंमत, मुलांना शिकवण्यासाठीच्या या संचात सुटे ठोकळे, दहाचे दांडे, शंभराच्या पाट्या, हजाराचा एक घन आणि एकमेकांवर ठेवायची संख्याकार्डे आहेत. ठोकळ्यांचे माप अचूक असल्यामुळे दहा सुटे दांड्याशेजारी तंतोतंत बसतात. खरी कमाल मात्र कार्डांची आहे. ‘चार हजार सात’ ऐकून ४०००७ लिहिणाऱ्या मुलाने ४००० च्या कार्डावर ७ चे कार्ड उजवी कड जुळवून ठेवले, की शेवटचे शून्य झाकले जाऊन ४००७ उरते, आणि मधली दोन शून्ये शतक व दशकाची जागा राखून आहेत, हे त्याला स्वतःच्या डोळ्यांनी दिसते. वहीतल्या पानभर उदाहरणांपेक्षा हा अनुभव मोलाचा आहे, असे माझे ठाम मत आहे. घन अखंड असल्यामुळे काही मुले बाहेरचे चौकोन मोजून त्याला ६०० म्हणतात. अशा वेळी दहा पाट्या एकावर एक रचून दाखवाव्याच लागतात, आणि संचात पाट्या नऊच आहेत, ही मोठी उणीव आहे. लक्ष दाखवायला असे शंभर घन लागतील, त्यामुळे मोठ्या संख्यांसाठी कार्डांवरच भिस्त ठेवावी लागते, आणि तीही दशहजारांपाशी थांबतात.