चांदी, पांढरं सिमेंट की टोपी? मोडक्या दाढेचा हिशेब

गटारीला घरी कुर्ल्या होत्या. डेंगे फोडायला वरवंटा हाताशी होता, पण मला धीर नव्हता. एक डेंगा दाढेखाली धरला आणि दाबला. कट् आवाज झाला आणि तोंडातून जो पांढरा तुकडा निघाला तो डेंग्याचा नव्हता. आरशात बघितलं तर शाळेत असताना भरलेली चांदी ढिम्म जागेवर, आणि इतकी वर्षं तिला सांभाळून बसलेली दाढेची गालाकडची भिंत मात्र गायब.

पुढच्या पंधरा दिवसांत तीन सल्ले मिळाले. बाजारपेठेतले डॉक्टर म्हणाले, सिमेंट भरून देतो, अर्ध्या तासाचं काम. तालुक्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, टोपीशिवाय, म्हणजे अख्खी दाढ झाकणाऱ्या कॅपशिवाय, ही दाढ टिकणार नाही. शेजारच्या काकी म्हणाल्या, "काढून टाक ती, कित्याक पैशे घालवतस?" काकींच्या खालच्या बाजूला आता चारच दात उरलेत, म्हणून त्यांचा सल्ला मी तूर्त बाजूला ठेवला. बाकी दोघांत खरं कोणाचं, हे ठरवताना जे कळलं ते इथे मांडते.

आपण सगळे आधी विचारतो, कुठलं मटेरियल चांगलं? तो प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न असा, की दात किती उरलाय? चिऱ्याच्या घराचं बघा. एखादा चिरा निखळला तर तेवढी जागा बुजवून भागतं. पण भिंतच फुगून बाहेर आली असेल तर आतून कितीही गिलावा केला तरी उपयोग नाही, तिला बाहेरून बांधून घ्यावं लागतं. दाढेचंही तसंच आहे. चारी बाजू जाड आणि मध्ये खड्डा, तर भरण पुरतं. खड्डा दाढेच्या माथ्यावरच्या दोन उंचवट्यांच्या टोकांमधल्या अंतराच्या निम्म्याहून रुंद झाला, किंवा एखादी भिंतच गेली, की भरणावर भिस्त ठेवणं धोक्याचं. आणि कीड दाताच्या आतल्या नसेला पोचली असेल तर आधी रूट कॅनाल, म्हणजे नस काढून मुळाच्या नळ्या भरणं, बाकीचं सगळं नंतर. गार पाण्याने सणक आली आणि लगेच ओसरली तर नस बहुधा शाबूत असते. गरम चहानंतर ठणका बराच वेळ राहतो, रात्री झोपेतून उठवतो, तेव्हा प्रकरण आत गेलेलं असतं. खात्री डॉक्टरांनी गार लावून नस तपासली आणि जोडीला एक्स-रे काढला की होते. एक्स-रे न काढता कोणी भाव सांगत असेल तर मी तरी उठून येईन.

चांदी आणि पांढरं

आपण जिला चांदी म्हणतो तिच्यात चांदी, कथील, तांबं असतं, पण वजनाने जवळपास निम्मा पारा असतो. ती दाताला चिकटत नाही. ती अडकून राहावी म्हणून खड्डा तळाला जरा रुंद कोरावा लागतो, म्हणजे थोडा चांगला दातही त्यात जातो. तिचा मोठा गुण म्हणजे ओलाव्याचं तिला फारसं वावडं नाही. मागची दाढ, थुंकी सारखी भरून येतेय, हिरडीतून जरा रक्तही येतंय, अशा ठिकाणीही ती निभावून नेते. दाब सोसते, पंधरा-वीस वर्षं सहज जाते. माझी तर पंचवीस वर्षं गेली. पण चिकटत नसल्यामुळे ती भिंतींना धरून ठेवत नाही. मोठ्या खड्ड्यात ती पाचरीसारखी बसते, चावताना भिंतींवर जोर येत राहतो आणि एक दिवस डेंगा निमित्त होतो.

शिवाय चांदीचे दिवस भरत आलेत. पाऱ्याचा वापर कमी करण्यासाठी २०१३ मध्ये मिनामाता करार झाला आणि भारताने तो २०१८ मध्ये मान्य केला. युरोपीय संघात तर १ जानेवारी २०२५ पासून, खास वैद्यकीय गरज सोडली तर, चांदी भरणं बंद आहे. आपल्याकडेही बरेच डॉक्टर आता ती ठेवतच नाहीत. गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बायकांना आणि लहान मुलांना ती भरू नये, हे आता सर्वमान्य आहे. पण म्हणून जुनी, धड असलेली चांदी उगाच कोरून काढू नका. पाऱ्याची वाफ जास्त सुटते ती कोरतानाच.

पांढरं सिमेंट म्हणजे कॉम्पोझिट. ते दाताला चिकटतं, त्यामुळे किडलेलं तेवढंच काढून भागतं. दिसायला दातासारखं असतं आणि त्याच दिवशी त्यावर जेवता येतं. पण ते कमालीचं नाजूक मिजाशीचं. चिकटवताना थुंकीचा एक थेंब लागला की बंध कच्चा राहतो. म्हणून चांगले डॉक्टर दाताभोवती रबराचा पडदा लावतात. साधारण दोन-दोन मिलिमीटरचे थर देऊन प्रत्येक थर निळ्या दिव्याखाली पक्का करावा लागतो, कारण पक्कं होताना ते किंचित आकसतं. घाईघाईत एकाच थरात भरलं तर कडेला फट राहते आणि तिथून कीड पुन्हा शिरते. माझ्या डाव्या दाढेचं पांढरं भरण तीन वर्षांत सुटलं. ते भरताना डॉक्टर फोनवर बोलत होते, एवढंच सांगते. नीट भरलेलं सात ते दहा वर्षं जातं. दिवा बॅटरीवर चालतो, पण ड्रिलचा कॉम्प्रेसर आणि थुंकी ओढणारी नळी वीज मागतात. आमच्याकडे आषाढात वीज गेली की कधी येईल ते सांगता येत नाही, तेव्हा दवाखान्यात इन्व्हर्टर आहे का हे विचारायला लाजू नका.

तिसरं एक आहे, ग्लास आयनोमर. दिसायला चुन्यासारखं पांढुरकं, चावण्याच्या दाबाला कच्चं, पण दाताला आपणहून चिकटतं आणि त्यातून फ्लोराइड हळूहळू सुटत राहतं. मशेरी घासून घासून हिरडीजवळ खाच पडलेले दात कोकणात घरोघरी सापडतील. त्या खाचेत हे चांगलं बसतं, तिथे चावण्याचा जोर फारसा नसतो. दुधाच्या दातांना आणि म्हाताऱ्या माणसांच्या मुळाशी लागलेल्या किडीलाही हेच बरं. हाताच्या अवजाराने कीड खरवडून, ड्रिलशिवायही ते भरता येतं. मागच्या दाढेत कायमचं म्हणून कोणी भरत असेल तर मात्र विचारा, हे किती दिवसांसाठी?

भरण की टोपी

माझा खरा पेच इथे होता. टोपी घालायची तर दाढ वरून दीडेक ते दोन मिलिमीटर आणि चारी बाजूंनी साधारण एक मिलिमीटर घासावी लागते. घासलेलं परत येत नाही. धडधाकट दाढेवर "आत्ताच टोपी घालून टाकू, कटकट नको" म्हणणाऱ्याला म्हणूनच नाही म्हणायचं. पण भिंत गेलेल्या किंवा रूट कॅनाल झालेल्या दाढेवर टोपी टाळणं ही खोटी बचत ठरते. रूट कॅनालनंतर दात ठिसूळ होतो असं लोक म्हणतात. खरं कारण एवढंच की कीड आणि वाट कोरणं यांत दाताचा गाभाच गेलेला असतो. उरलेल्या भिंती दाबाखाली फाकतात आणि उभी चीर मुळापर्यंत गेली की दाढ काढण्यावाचून गत्यंतर राहत नाही. रूट कॅनालचे पैसे तर तोवर दिलेले असतातच! पुढच्या दाताचं वेगळं. तिथे मागून छोटंसं भोक पाडलेलं असेल आणि बाकी दात शाबूत असेल तर नुसत्या भरणावरही निभतं.

टोपी कशावर तरी धरून राहिली पाहिजे. हिरडीच्या वर दाताचं निदान दोन मिलिमीटरचं कडं चौफेर उरलेलं असावं. ते नसताना मुळात खुंटी ठोकून वर टोपी बसवतात. खुंटी वरचं भरण धरते, मुळाला बळ देत नाही. असा सल्ला मिळाला तर दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा.

मधला एक मार्ग आहे, तो आपल्याकडे फार कमी सांगितला जातो: ऑनले. मोडलेलं टोक आणि वरचा भाग तेवढा झाकणारा, प्रयोगशाळेतून बनून येणारा तुकडा. टोपीपेक्षा दात कमी घासावा लागतो. पण दोन खेपा लागतात, खर्च टोपीच्या आसपास जातो, आणि चिकटवण्यात हयगय झाली तर निघतो. हातखंडा असलेला डॉक्टर जवळ असेल तर मी टोपीआधी हे विचारेन.

टोपी ठरली की ती कशाची, हा प्रश्न. नुसत्या धातूची सगळ्यात स्वस्त, दात सगळ्यात कमी घासावा लागतो, आणि ती मोडायचं नाव घेत नाही. मागच्या दाढेला कोण बघतंय? धातूवर सिरॅमिक चढवलेली दिसायला बरी, पण वरचा पापुद्रा कधी उडतो आणि काही वर्षांनी हिरडीपाशी काळी रेघ दिसू लागते. झिरकोनिया म्हणजे पांढरं, कडक सिरॅमिक. ते महाग, पण टोपी अखंड त्याचीच असेल तर चिवट, काळी रेघही नाही. पुढच्या दातांसाठी लिथियम डायसिलिकेट या काचेसारख्या सिरॅमिकची जास्त जिवंत दिसते. वॉरंटीचं कार्ड टोपी फुटण्याबद्दल असतं, टोपीच्या कडेखाली दात किडला तर त्याला ते कार्ड लागू होत नाही. मशेरी, तंबाखू चालू ठेवून वीस हजारांची टोपी घालणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं.

खेपा मोजा. भरण एका बैठकीचं. टोपीला दोन, मध्ये मापं प्रयोगशाळेत जातात आणि आठेक दिवस तात्पुरती टोपी सांभाळावी लागते. रूट कॅनाल धरलं तर चार-पाच खेपा, आणि आमच्या वाडीतून प्रत्येक खेपेला एसटीने अख्खी सकाळ जाते. गणपतीला आठ दिवसांसाठी आलेल्या चाकरमान्याने गावात रूट कॅनाल सुरू करून अर्ध्यावर मुंबई गाठणं म्हणजे फजितीला आमंत्रण. त्याने इथे दुखणं थांबवून घ्यावं, बाकीचं मुंबईत करावं. तिथे मुंबई सेंट्रलला नायर दंत महाविद्यालय आहे, इकडे खेडला योगिता दंत महाविद्यालय आहे. दंत महाविद्यालयात शिकाऊ डॉक्टर शिक्षकांच्या देखरेखीखाली काम करतात, वेळ लागतो पण खर्च बराच हलका होतो.

काकींचा पर्याय काढून टाकण्याचा. त्या दिवशी सगळ्यात स्वस्त तोच, यात वाद नाही. पुढे शेजारची दाढ रिकाम्या जागेत कलते, समोरची लांबते. ती जागा भरायची तर ब्रिजसाठी, म्हणजे शेजारच्या दातांवर पेललेल्या खोट्या दातासाठी, दोन्हीकडचे चांगले दात घासावे लागतात, इम्प्लांटला, म्हणजे हाडात बसवलेल्या कृत्रिम मुळाला, तीन ते सहा महिने आणि टोपीच्या कितीतरी पट पैसे. अक्कलदाढ असेल तर मात्र काकींचं खुशाल ऐका.

मुलांबद्दल एकच सांगते, कारण ही चूक मी माझ्या भाच्याच्या बाबतीत डोळ्यांनी पाहिली. सहाव्या वर्षी दुधाच्या दाढांमागे जी दाढ येते ती पडत नाही, ती कायमची असते. "दुधाची आहे, पडेल" म्हणून तिची कीड सोडून देऊ नका.

माझ्या दाढेची नस तपासणीत शाबूत निघाली. जुनी चांदी काढली, पांढऱ्या भरणाने मोडलेली भिंत उभी केली आणि वर झिरकोनियाची टोपी घातली, कारण ऑनले करणारं तालुक्यात कोणी सापडलं नाही. बसवल्यावर डॉक्टरांनी निळा कागद चावायला दिला. पहिल्यांदा ठीक वाटलं, घरी आल्यावर चावताना टोपी उंच लागायला लागली. तशीच सवय होईल म्हणून बसले नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा एसटी धरली आणि पाच मिनिटांत ती घासून घेतली. दुसऱ्या बाजूला अजून एक जुनी चांदी आहे, लहानशी, कडा घट्ट. तिला डॉक्टरांनी हात लावला नाही, मीही लावू दिला नसता.