लिथुआनियाच्या जुन्या टपाल तिकिटांचा लॉट मागवला, २ स्टार देतोय
ऑनलाइन एका विक्रेत्याकडून घेतला, नाव नाही टाकत. पॅकिंग मस्त, कार्डबोर्ड, ग्लासिन (गुळगुळीत पारदर्शक कागदाचं) पाकीट, सगळं नीट, पण खरा विषय आतल्या मालाचा आहे ना!

मुख्य आकर्षण होतं २७ डिसेंबर १९१८ ची पहिली विल्नियस सिरीज, १० आणि १५ स्काटिकू (तिथलं तेव्हाचं नाणं) किमतीची. ही तिकिटं घाईघाईत छापखान्यातले साधे खिळे (धातूची सुटी अक्षरं) जुळवून छापलेली, चित्र वगैरे काही नाही, नुसती अक्षरं नि चौकट, म्हणून तर बनावट करणाऱ्यांचं आवडतं गिऱ्हाईक. खऱ्यात खिळा कागदात दाबला जातो, मागून तिरप्या उजेडात उठाव जाणवतो आणि अक्षराच्या कडेला शाई थोडी दाटते. माझ्या १० वाल्यावर भिंगातून बघितलं तर बारीक ठिपके दिसले, म्हणजे सरळसरळ आत्ताची प्रिंट, चुलीत घाला. १५ चं बरं वाटतंय, पण एक्स्पर्टचं सर्टिफिकेट येईपर्यंत अल्बममध्ये नाही लावणार.

सोबत १९४१ ची, सोव्हिएत तिकिटांवर 'नेप्रिक्लाउसोमा लिएतुवा' (स्वतंत्र लिथुआनिया) असं ओव्हरप्रिंट, म्हणजे छापून झालेल्या तिकिटावर नंतर मारलेला मजकूर, असलेली दोन आली. इथे तिकीट खरं असलं तरी वरचा शिक्का कालचा असू शकतो, त्यामुळे मूळ तिकिटाचं खरेपण बघून खूश होऊ नका हं.

बाकी १९२० च्या दशकातली घोडेस्वाराची साधी तिकिटं मात्र छान निघाली, स्वस्त असतात म्हणून कोण कशाला नकली करेल. पैसे परत मागितलेत, तीन मेसेज गेले, अजून उत्तर नाही.