फ्यूज नेमका कुठे आहे? जुन्या जर्मन सेडानसोबतचे आठ महिने

गेल्या दिवाळीनंतर नऊ वर्षं वापरलेली एक जर्मन सेडान घेतली. कंपनी आणि मॉडेल मुद्दाम लिहीत नाही, कारण आधीच्या मालकाने तिचे काय काय हाल केलेत ते मलाच अजून पुरतं कळलेलं नाही. इंजिन, सस्पेन्शन, सीटची लेदर यांवर लिहिणारे ढिगाने आहेत. मी लिहितोय फ्यूज आणि रिलेबद्दल. या आठ महिन्यांत बॉनेट उघडलं नसेल तितक्या वेळा मी डिकीच्या डाव्या बाजूचं अस्तर काढलंय.

आधीची गाडी साधी हॅचबॅक होती. स्टिअरिंगखाली एक झाकण, झाकणाच्या आतल्या बाजूला नकाशा, विषय संपला. इथे फ्यूजची तीन घरं आहेत: एक बॉनेटखाली, एक डॅशबोर्डच्या टोकाला (दार उघडल्याशिवाय झाकण दिसतच नाही) आणि एक डिकीत. शिवाय बॅटरीच्या प्लस टर्मिनलवर बोल्टने आवळलेले जाड पट्टीचे फ्यूज, ते चौथं. सुरुवातीला वैताग आला, पण त्यात तर्क आहे. वजन पुढच्या आणि मागच्या चाकांवर नीट वाटलं जावं म्हणून बॅटरी मागे डिकीत ठेवलीय. मग मागचे दिवे, पेट्रोलचा पंप, मागच्या काचेची हीटर यांची वीज पुढे नेऊन परत मागे कशाला आणायची?

पहिला धडा कराडजवळ मिळाला. जानेवारीत कोल्हापूरला निघालो होतो. एका टायरमध्ये हवा कमी वाटली म्हणून पंप मधल्या सॉकेटला लावला. पंप अर्धा मिनिट गुरगुरला आणि गप्प. त्याच्याबरोबर मागच्या सीटवरचा मोबाइल चार्जरही गेला. पुस्तकात लिहिलंय, फ्यूजची यादी डिकीतल्या हत्यारांसोबत आहे. घडी घातलेला कागद सापडला, त्यावर शब्द नाहीत, नुसती मुंगीएवढी चित्रं. बायकोने मोबाइलच्या कॅमेऱ्याने मोठी करून वाचली. त्यातही गाडीचं चित्र डाव्या स्टिअरिंगचं! मी मुकाट डावं दार उघडून डॅशबोर्डच्या टोकाचं झाकण उचकटलं, एक क्लिप मोडली, आत थर्माकोलसारखा तुकडा. आपल्याकडच्या उजव्या स्टिअरिंगच्या गाडीत ते घर दुसऱ्या बाजूला होतं. आणि सॉकेटचा फ्यूज तिथेही नव्हता. तो निघाला डिकीत.

पिवळा, २० ॲम्पिअरचा, आतली तार तुटून काळी पडलेली. जादा फ्यूज ठेवायच्या खाचा रिकाम्या. मग शेजारचा तेवढ्याच ॲम्पिअरचा सीट गरम करणाऱ्या हीटरचा फ्यूज काढून तिथे लावला. कराडात सीट गरम करून कोण बसणार आहे?

रंग आता पाठ झालेत: फिकट तपकिरी ५, गडद तपकिरी साडेसात, लाल १०, निळा १५, पिवळा २०, पांढरा पारदर्शक २५, हिरवा ३०. हे पाठ असल्यामुळेच एप्रिलमध्ये एक गोष्ट डोळ्यांत खुपली. यादीत १५ लिहिलंय त्या खाचेत हिरवा बसलेला! कुणीतरी ‘सारखा उडतोय ना, मोठा टाकून देऊ’ असं म्हणून मोकळा झाला असणार. ही सवय आपल्याकडे फार आहे आणि ती मला सगळ्यात जास्त खटकते. फ्यूज असतो वायर वाचवायला. वायर १५ पुरती असताना ३० चा फ्यूज टाकला की तो शांत बसतो आणि वायर तापते. त्या खाचेतून निघणाऱ्या वायरचं प्लास्टिक खरोखर कडक आणि तपकिरी झालं होतं. माझ्या ओळखीच्या वायरिंगवाल्या अण्णांनी तेवढा तुकडा कापून नवा जोडला. ‘साहेब, एखादा उन्हाळा अजून गेला असता तर धूर बघितला असता तुम्ही,’ एवढंच बोलले.

रिलेचं प्रकरण जरा गमतीचं. पावसाळा लागला आणि मागच्या काचेवरची वाफ जाईना. फ्यूज ठणठणीत. रिले म्हणजे लहान विजेने मोठी वीज चालू-बंद करणारं बटण. पायांवर आकडे असतात: ८५ आणि ८६ आतल्या कॉइलचे, ३० वर बॅटरीची वीज येते, ८७ वरून ती पुढे जाते. हे आकडे जर्मन मानकातले आहेत, आपल्या देशी गाड्यांच्या रिलेवरही तेच दिसतात. बायको पुढे बसून बटण दाबत होती आणि मी डिकीत डोकं घालून रिलेवर बोट ठेवून. टिक जाणवलं, पण काच कोरडीच होईना. म्हणजे कॉइल जिवंत, आतले पॉइंट जळलेले. शेजारीच तसाच, त्याच नंबरचा रिले होता. अदलाबदल केली, पाच मिनिटांत काच स्वच्छ. नवा रिले नाना पेठेत मिळाला. दुकानदाराने दिसायला सारखाच दुसरा पुढे केला होता, पण त्याला पाच पाय होते. नुसता आकार बघून रिले घेऊ नका, अंगावर छापलेला नंबर जुळवा. आणि सगळे रिले असे उपटून बदलता येतात असंही नाही. हॉर्नचा मी तासभर शोधत होतो, तो आतल्या सर्किटच्या पाटीवर डाग देऊन बसवलेला निघाला.

आता मुख्य दुखणं. जुलैत शनिवारी उभी केलेली गाडी पुढच्या शुक्रवारी पूर्ण मेली. रिमोट चालेना, आणि बॅटरी डिकीत, डिकी विजेवर उघडणारी! रिमोटच्या पोटात लपवलेली लोखंडी किल्ली असते, ती आधीच काढून बघून ठेवा. मला त्या पावसात ती कुठल्या खटक्याने निघते ते शोधावं लागलं. बॉनेटखाली जंपर लावायचे वेगळे पॉइंट आहेत, तिथून शेजाऱ्यांच्या गाडीवर चालू केली.

वीज कोण पितंय ते शोधायला लोक एकेक फ्यूज उपटत बसतात. या गाड्यांत ते फसतं, कारण फ्यूज काढून परत लावला की झोपलेले मोड्यूल (गाडीतले छोटे कॉम्प्युटर) जागे होतात. मी असं केलं: दाराचं आणि डिकीचं कुलूप स्क्रूड्रायव्हरने दाबून ‘बंद’ भासवलं, रिमोट घरात वरच्या मजल्यावर ठेवला आणि चाळीस मिनिटं हात लावला नाही. मग मल्टिमीटर मिलिव्होल्टवर ठेवून प्रत्येक फ्यूजच्या डोक्यावरच्या दोन उघड्या टिकल्यांना टोकं लावत गेलो. वीज वाहत नसेल तर शून्य. डिकीतल्या एका लाल फ्यूजवर ३ मिलिव्होल्ट दिसले, म्हणजे हिशेबाने साधारण ०.४ ॲम्पिअर. दिवसाला साडेनऊ ॲम्पिअर-तास! ८० ची बॅटरी आठवडाभर तग धरते तेच खूप. उभ्या गाडीने ०.०५ च्या आत राहायला हवं.

त्या वायरचा माग काढत गेलो तर डाव्या टेल लॅम्पचं रबर चिरलेलं, तिथून पाणी झिरपून एका कनेक्टरवर हिरवा चिकटा जमलेला. स्प्रे मारून, ब्रशने घासून, हेअर ड्रायरने वाळवलं आणि रबर बदललं. आता मोजलं तर ०.०३.

ज्यांना असल्या गाडीचा मोह होतोय त्यांनी मिलिव्होल्ट दाखवणारा मल्टिमीटर, सुईसारखी टोकं आणि अस्तर काढायच्या प्लास्टिकच्या पट्ट्या एवढं तरी घ्यावं. मी आधी ऑनलाइन शेकड्याने फ्यूजचा स्वस्त डबा मागवला होता. आतली तार इतकी जाड की तो वेळेवर उडेल यावर माझा विश्वास बसेना. डबा तसाच पडून आहे, गाडीत दुकानातून आणलेले सुटे फ्यूज ठेवलेत.

डिकीच्या अस्तराच्या आतल्या बाजूला आता मी मराठीत लिहिलेला नकाशा चिकटवलाय. कुठली खाच, किती ॲम्पिअर, कशाचा, सगळं मोठ्या अक्षरांत. एकाच ओळीपुढे प्रश्नचिन्ह आहे. यादीत रिकामी दाखवलेल्या एका खाचेत लाल फ्यूज बसलाय. काढून दोन दिवस गाडी चालवली, काहीच बंद पडलं नाही. परत लावून ठेवलाय.