नवे म्हणून विकलेले जुने टायर: पुण्यातील माझा अनुभव

मे २०२४ च्या अखेरीस, पाऊस सुरू होण्यापूर्वी गाडीचे पुढचे दोन टायर बदलून घ्यायचे मी ठरवले. गाडी लहान हॅचबॅक आहे, टायरचा आकार १६५/८० आर १४, आणि पुढचे दोन्ही टायर जवळजवळ गोटा झाले होते. अधिकृत विक्रेत्याने एका टायरचा दर चार हजार तीनशे रुपये सांगितला. नाना पेठेत दोन-तीन ठिकाणी चौकशी केली, तेथेही फारसा फरक नव्हता. मग एका परिचिताने सांगितल्यावरून मी उपनगरातील एका दुकानात गेलो आणि तेथे त्याच कंपनीचा, त्याच आकाराचा टायर तीन हजार तीनशे रुपयांना मिळेल असे समजले. त्या दुकानाचे नाव मी येथे देणार नाही, कारण जे तेथे घडले ते अन्यत्रही घडू शकते आणि ते कसे घडते हे वाचकांना कळावे एवढ्याचसाठी मी हे लिहीत आहे.

इतका स्वस्त कसा, हे मी विचारले होते. दुकानदाराने दिलेले कारण मला पटले: नव्या टायरवर २८ टक्के जीएसटी लागतो (सप्टेंबर २०२५ पासून तो १८ टक्के झाला आहे), बिल घेतले नाही तर तेवढी रक्कम वाचते. बिल नको असे मी म्हणालो, आणि फसवणूक खरे तर तेथेच पूर्ण झाली. माझी त्यातील चूक मी नाकारत नाही.

त्यानंतरची पंधरा मिनिटे मला आजही जशीच्या तशी आठवतात. दुकानदाराने मला आत, पंख्याखाली बसवले आणि चहा मागवला. बाहेर मुलांनी गाडी जॅकवर घेतली होती. मागच्या गोदामातून आणलेले दोन काळेभोर, चकचकीत टायर मला लांबून दिसले, आणि चहा संपेपर्यंत ते रिमवर चढून, हवा भरून, चाके गाडीला बसलेली होती. मी जवळ जाऊन पाहिले तेव्हा नक्षी खोल दिसत होती, रबर चमकत होते, आणि बाहेरच्या बाजूवर कंपनीचे नाव व आकार बरोबर होता. सहा हजार सहाशे रुपये मी यूपीआयने दिले. जुन्या दोन टायरचे प्रत्येकी दोनशे रुपये दुकानदाराने स्वतःहून परत दिले, ते मला त्याच्या सचोटीचे लक्षण वाटले.

तीन आठवड्यांनी, जूनमधील एका रविवारी, पत्नी आणि आईला घेऊन वाईला निघालो होतो. खेड-शिवापूरचा टोलनाका ओलांडल्यावर ताशी ऐंशीच्या आसपास स्टिअरिंग थरथरू लागले. बॅलन्सिंग बिघडले असेल असे समजून मी वेग कमी केला, पण थरथर थांबेना, म्हणून शिरवळजवळ एका पंक्चरवाल्याकडे गाडी उभी केली. ते गृहस्थ पन्नाशीचे असावेत. त्यांनी यंत्र वगैरे काही वापरले नाही. पुढच्या डाव्या टायरच्या बाजूवरून, आतल्या अंगाने, तळहात फिरवत नेला आणि एका जागी थांबवला. मग माझा हात धरून त्या जागी ठेवला. लिंबाएवढा फुगा हाताला लागला.

“साहेब, हे नवे म्हणून घेतलेत का?” त्यांनी विचारले. मी होय म्हणालो. ते काही बोलले नाहीत. खिळा काढायचा चिमटा घेऊन त्यांनी नक्षीच्या खाचेतील चिखल खरवडला आणि मला खाली वाकून बघायला सांगितले. खाचेच्या तळाशी, केसाएवढ्या जाडीची, गंजू लागलेली तार दिसत होती.

त्यांनी पुढे जे समजावले ते मी माझ्या शब्दांत सांगतो. टायरच्या मुख्य खाचांमध्ये तळाशी ठरावीक अंतरावर रबराचे छोटे आडवे उंचवटे असतात, आणि त्यांच्या सरळ रेषेत टायरच्या खांद्यावर टीडब्ल्यूआय (ट्रेड वेअर इंडिकेटर, म्हणजे झीज दाखवणारी खूण) ही अक्षरे किंवा छोटा त्रिकोण असतो. हे उंचवटे १.६ मिलिमीटर उंचीचे असतात. नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली की टायरचे आयुष्य संपले असे समजायचे. मोटारीच्या टायरसाठी कायद्यानेही किमान खोली तेवढीच आहे. नव्या टायरची नक्षी साधारण सात-आठ मिलिमीटर खोल असते. माझ्या टायरला खांद्यावर त्रिकोण होता, पण त्याच्या रेषेत खाचेत उंचवटाच नव्हता. झिजून गोटा झालेल्या टायरवर तापवलेल्या पात्याने पुन्हा खाचा कोरल्या होत्या, आणि कोरताना ते उंचवटेही कापले गेले होते. अशी कोरलेली खाच खोल दिसते, परंतु ती खोली नव्या रबराची नसते, तर खालच्या तारांचे रक्षण करण्यासाठी ठेवलेल्या शेवटच्या पातळ थरातून ती काढून घेतलेली असते. काही ट्रकच्या टायरमध्ये पुन्हा खाचा पाडण्यासाठी मुद्दाम जादा रबर ठेवलेले असते आणि तसे टायरवर छापलेले असते. मोटारीच्या टायरमध्ये ती सोय नसते. थर कापला गेला की पाणी तारांपर्यंत जाते आणि त्या गंजतात. फुगा हे निराळे दुखणे: टायरच्या बाजूतील धागे तुटलेले असतात, आतली हवा तेथून थरांमध्ये शिरते आणि रबर बाहेर ढकलते. असा टायर दुरुस्त होत नाही, तो केव्हाही फुटू शकतो.

समोर खंबाटकीचा घाट होता. स्टेपनी एकच, आणि खराब टायर दोन. डाव्या बाजूला स्टेपनी लावून, वाईला फोन करून येत नसल्याचे कळवले आणि ताशी चाळीसच्या वेगाने परत पुण्याला आलो. आई मागच्या सीटवर संपूर्ण रस्ताभर एक शब्दही बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी विश्वासातल्या एका दुकानात दोन्ही टायर रिमवरून उतरवले, आणि मला त्या पंधरा मिनिटांच्या घाईचे कारण समजले. बहुतेक टायरच्या बाजूवर डीओटी या अक्षरांपासून सुरू होणारा क्रमांक असतो आणि त्याच्या शेवटच्या चार अंकांत उत्पादनाचा आठवडा व वर्ष असते. बऱ्याच टायरवर हे चार अंक एकाच बाजूला असतात, आणि माझ्या एका टायरची ती बाजू गाडीच्या आतल्या अंगाला फिरवून बसवलेली होती. अंक होते १४१७, म्हणजे २०१७ चा चौदावा आठवडा. नवा म्हणून घेतलेला टायर सात वर्षांचा होता. दुसऱ्या टायरवर त्या जागी बोटाएवढा पट्टा घासून सपाट केला होता, वरून काळे पॉलिश होते. आतून पाहिले तर एका टायरमध्ये पंक्चरचे दोन जुने पॅच होते, आणि रिमला टेकणाऱ्या कडेवर टायर पूर्वी चढवल्या-उतरवल्याचे ओरखडे होते. रिमवर चढल्यानंतर यांतील एकही गोष्ट सहज दिसत नाही.

म्हणून माझे आग्रहाचे सांगणे आहे की टायर गोदामातून बाहेर आला की तो रिमवर चढण्यापूर्वी हातात घ्यावा, आणि दुकानदाराला घाई असेल तर त्याला थांबायला सांगावे. आत हात घालून पॅच आहे का ते चाचपावे. कडेवर घासल्याच्या खुणा पाहाव्यात. दोन्ही बाजू फिरवून चार अंक शोधावेत, आणि ते सापडले नाहीत किंवा तेथील रबर घासलेले वाटले तर टायर तेथेच ठेवून निघावे. खाचेतील उंचवटे नखाने चाचपावेत. मुख्य खाचांच्या मधल्या ठोकळ्यांवर केसासारख्या बारीक चिरा असतात. टायर झिजला की त्या पुसट होतात आणि गरम पात्याने त्या पुन्हा कोरता येत नाहीत, त्यामुळे खाचा खोल पण ठोकळे गुळगुळीत असे दिसले तर संशय घ्यावा. बोट फिरवल्यावर तेलकट काळे लागले तर ते पॉलिश आहे. नव्या टायरवर बहुधा रबराचे बारीक केस आणि छापील लेबल असते, पण लेबल चिकटवणे अवघड नाही, म्हणून केवळ त्यावर विसंबू नये.

आयएसआय चिन्हाविषयी एक गैरसमज मला स्वतःला होता. भारतात मोटारीच्या टायरवर हे चिन्ह बंधनकारक आहे. त्यासोबत आयएस १५६३३ हा मानकाचा क्रमांक आणि सीएम/एल हा परवाना क्रमांक असतो, आणि तो भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर या ॲपवर तपासता येतो. बनावट टायर ओळखायला याचा उपयोग आहे. माझे टायर मात्र खऱ्या कंपनीचेच होते, चिन्हही खरेच होते, आणि तरीही ते वापरण्यायोग्य नव्हते. चिन्ह टायर कारखान्यातून बाहेर पडला त्या दिवसाविषयी सांगते, नंतरच्या सात वर्षांविषयी नाही.

पैसे परत मिळवण्याची हकीकत थोडक्यात सांगतो. दुकानदाराने प्रथम टायर आमच्याकडचे नाहीतच असे सांगितले. बिल नव्हते, यूपीआयची नोंद त्याच्या वैयक्तिक नावावर होती, परंतु आकार आणि दर त्याने मला व्हॉट्सॲपवर लिहून पाठवला होता. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवली, आणि छायाचित्रांसह लेखी नोटीस रजिस्टर पोस्टाने पाठवली. पंधरा दिवसांत रक्कम न मिळाल्यास पुणे जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन असे तीत स्पष्ट लिहिले होते. अशा तक्रारीसाठी घटनेपासून दोन वर्षांची मुदत असते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, आणि वकील नसला तरी चालतो.

नोटीस पोहोचल्यावर त्याचा फोन आला. पूर्ण पैसे देतो, फक्त टायर परत आणून द्या, असे तो म्हणाला. वस्तू परत मागणे रास्त असल्याने मी तयार झालो, आणि टायर बाजूने कापून आणून देतो असे म्हणालो. पलीकडे काही क्षण शांतता होती. कापलेले नकोत, असे तो म्हणाला. त्याच क्षणी, मी दोनशे-दोनशे रुपयांना त्याच्याकडे सोडून आलेल्या माझ्या दोन गोटा टायरांचे पुढे काय झाले असेल, हे माझ्या लक्षात आले. त्या विचाराने मला जितके अस्वस्थ केले तितके माझ्या फसवणुकीनेही केले नव्हते. शेवटी त्याने चार हजार पाचशे रुपये दिले आणि टायर माझ्याकडेच राहिले. उरलेल्या रकमेसाठी मी पुढे गेलो नाही.

नवे टायर मी पक्क्या बिलावर घेतले. प्रत्येक टायरचा अनुक्रमांक बिलावर लिहून घेतला, कारण उत्पादनातील दोषासाठी वॉरंटी मागायची तर त्याची गरज पडते. गेल्या महिन्यात मागचे दोन टायर बदलायला त्याच दुकानात गेलो, तेव्हा उतरवलेले टायर ठेवून घेण्यापूर्वी माझ्यासमोर त्यांच्या बाजू कापाव्यात, अशी विनंती केली. दुकानातील मुलाने जाड पाते घेतले, दोन्ही टायरना बाजूंनी हातभर लांब चीर दिली, आणि ते भंगाराच्या ढिगावर टाकले.